पाण्याचं क्रियापद

बबिताची शाळा सातवीतच सुटली. बापाच्या मेंढ्या चाऱ्यासाठी दूर मुलखाला निघाल्या आणि कोकरं सांभाळायला ती लागायची. पुढं लग्न होऊन घाटनांदूरला आली, तर तिथंही मेंढ्याच. पण शाळेवरून जाताना प्रार्थना कानावर पडली की तिचे पाय अजून रेंगाळायचे.

लेक धनश्री अंबाजोगाईच्या वसतिगृहात गेली आणि घर सुनं झालं. रविवारी लेकीचा फोन यायचा. लवकर ठेवू नये म्हणून बबिता तिला इंग्रजीचं काहीबाही विचारत राहायची.

"वॉटर म्हंजे पाणी, हे ठाऊक हाय मला," ती एकदा म्हणाली.

"ते नाम झालं, आई. आता त्याचंच क्रियापद कर."

"पाणी काय चालतंय का बोलतंय, त्याचं क्रियापद व्हायला?"

"सकाळी मेंढरांना काय करतीस?"

"पाणी दाखवते."

"तेच! आय वॉटर द शीप."

सासू सारजाबाई चुलीपुढून म्हणाली, "ह्या वयात कशापायी डोकं शिणवतीस गं?" बबिता नुसती हसली. दुसऱ्या दिवशी हौदापाशी मेंढ्या वाकल्या, तेव्हा तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी लाजली.

त्या दिवाळीत जादा तासांमुळं धनश्री घरी आली नाही. मग धपाटी बांधून बबिताच एसटीनं गेली. फाटकाशी लेक आली, ती केवढी उंच झालेली. बबिताचे डोळे भरून आले.

"आई, डोळ्यांना पाणी येतं ना, त्यालाबी वॉटरच म्हणतेत. माय आईज वॉटर."

"हे मला शिकवायला नगं," पदरानं डोळे पुसत बबिता म्हणाली.

निघताना धनश्रीनं तिचा हात धरला. "तू बाहेरून दहावीला बस. बसतीस का?"

बबिता बसली. सारजाबाईनं तोंड वाकडं केलं, पण पेपरांच्या दिवसांत मेंढ्या स्वतः हाकल्या. इंग्रजी निघालं, गणित राहिलं.

आता धनश्री नर्सिंगला पुण्यात आहे. ड्यूटी असली की रविवार कोरडाच जातो. जेवणं उरकली की बबिता गणिताचं पुस्तक उघडते, अडलेल्या ओळीवर बोट ठेवते आणि फोनकडं बघत बसते.