वरचं पाणी

माझी आई काहीही टाकत नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं दोन आणि श्रीखंडाचे रिकामे डबे चाळीस. मी मात्र टाकणारी. प्रयोगशाळेत रोज टाकायचे, तेही ब्लीच घालून, अगदी शास्त्रशुद्ध.

पीएचडीसाठी मी एक जिवाणू पाळला होता. तो लायसिन नावाचं अमिनो आम्ल बनवतो. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते. त्यानं ते जास्त बनवावं म्हणून मी त्याच्या जनुकांत थोडी ढवळाढवळ केली होती. तो पोषक पाण्यात वाढला, की ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. जिवाणू तळाशी बसले, की वरचं पाणी टाकायचं आणि जिवाणू फोडून आतलं लायसिन मोजायचं. एमएस्सीपासून हाताला हीच सवय: तळातलं आपलं, वरचं बेसिनचं. आठ महिने मोजलं. मेल्याच्या पोटात साध्या जिवाणूइतकंच! सर कधी टेबलापाशी फिरकले नाहीत, फक्त आलेख बघायचे. शेवटी म्हणाले, "सोमवारी काही दिसलं नाही, तर विषय बदला." म्हणजे तीन वर्षांची माती. मला रडूच कोसळलं.

त्याच आठवड्यात पोळा आला. आई पारशिवनीकडची, बैल मातीचे असले तरी नैवेद्य पुरणाचाच. मी स्वयंपाकघरात तोंड पाडून बसले होते. तिनं शिजलेली डाळ चाळणीत उपसली. खाली पातेल्यात कट जमत होता, डाळीचं पाणी. आमटी त्याचीच करायची.

"सणाच्या दिवशी असं तोंड काहून वं? काय झालं तुया जंतूले?"

मी सगळं सांगितलं, चिडतच.

"अन् वरचं पाणी?"

"टाकते."

"काहून?"

"आई, ते नुसतं पाणी असतं!"

"पाह्यलं का त्यात काय आहे ते?"

"तुला कळत नाही त्यात नाक खुपसू नको."

"बरं बाई, नाही खुपसत." तिनं वाटीभर कट माझ्यापुढे सरकवला. "हे पी. मंग सांग, नुसतं पाणी आहे का ते."

मी एक घोट घेतला आणि कपाळावर हात मारून घेतला. जिवाणूच्या आवरणात एक प्रथिन असतं. आत लायसिन फार साचलं की जिवाणूची वाढच अडते, म्हणून ते प्रथिन जास्तीचं लायसिन बाहेर काढत राहतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट! प्रथिनाचं नाव बरोबर लिहिलं म्हणून खूशही झाले होते.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती आणि मी सुट्टीच्या दिवशी चौकीदाराच्या विनवण्या करत होते. आत शिरले, वरचं पाणी जपून काढलं, त्यात निनहायड्रिन घालून गरम केलं. अमिनो आम्ल असलं की ते जांभळं होतं. ज्या पाण्यात जिवाणू सोडलेच नव्हते, ते फिकट राहिलं. माझ्या जिवाणूचं मात्र गच्च जांभळं झालं, साध्या जिवाणूपेक्षा कितीतरी गडद. आठ महिने त्या बिचाऱ्यानं ते बाहेर आणून ठेवलं आणि मी रोज ब्लीच ओतलं. मी एकटीच मोठ्यानं हसले. घाईत हातमोजे विसरले होते, बोटंही जांभळी झाली.

सोमवारी सरांनी वरच्या पाण्याचे आकडे दोनदा पाहिले. "विषय हाच राहू द्या. हुशार आहात! सुचलं कसं हे?"

"वाचताना लक्षात आलं, सर," मी म्हणाले. पटकन, न अडखळता.

घरी आई दारातच उभी होती. "काय म्हणाले सायेब?"

"विषय राहिला. हुशार म्हणाले."

"कोणाले? तुले का मले?"

ती थट्टाच करत होती. मला मात्र हसता येईना. "मलाच. तुझं मी सांगितलंच नाही, आई. वाचून सुचलं, असं सांगितलं मी."

तिनं माझ्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलं. नाहीतर म्हणाले असते, एवढी शिकली अन् मायले सांगावं लागलं."

मग अर्धं पिळलेलं लिंबू कुठूनसं काढून ती माझी बोटं घासायला लागली. ते डाग लिंबानं जात नाहीत, हे मला माहीत होतं. मी हात तिच्या हातात तसाच राहू दिला.