तीन भाकऱ्यांचं पुस्तक

मावशी गुरुवारी सकाळी गेली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी चूल पेटली नाही. त्या दिवसापासून काकांनी कुठल्याही नव्या पुस्तकाला चांगलं किंवा वाईट म्हटलेलं नाही.

शेवटचं वाक्य ज्यांना किरकोळ वाटेल त्यांनी आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाहिलेले नाहीत. पुस्तकांची पारख करणारी पुष्कळ माणसं मला माहीत आहेत. मी शहापूरला शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे अशा माणसांच्या व्याख्यानाला खुर्च्या मांडण्यापासून शेवटी आभार मानण्यापर्यंतची सगळी कामं मी केली आहेत. पण मुरबाडच्या वाटेवरच्या त्या लहानशा गावात बसून काका ज्या खात्रीने पुस्तकाचा निकाल सांगत, ती खात्री मला दुसऱ्या कुणात दिसली नाही. कारण निकाल ते स्वतः लावतच नसत. तो मावशीचा तवा लावायचा.

पद्धत अशी होती. संध्याकाळी मावशी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या करायला बसली की काका नवं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसत. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी सुतळी. लेखक कोण, वर चित्र कसलं, मागे कुणी काय स्तुती केली आहे, यातलं काही न बघता ते पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागत. मावशी थापत असायची, तव्यावर टाकत असायची, ऐकत असायची. मग एखाद्या ठिकाणी, म्हणजे दार वाजलेलं असायचं आणि ते कुणी वाजवलं हे अजून कळलेलं नसायचं, अशा ठिकाणी तिचा हात पिठात तसाच राहायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. काका वाचता वाचता थांबायचे, नाकाने हवा ओढायचे आणि म्हणायचे, "झाली एक." मग तव्याच्या बुडाची काजळी बोटाला लावून पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ठिपका द्यायचे. एक भाकरी म्हणजे वेळ जायला बरं. दोन म्हणजे शेजाऱ्याला द्यावं असं. तीन भाकऱ्यांचं पुस्तक घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं, त्यात लहान-मोठं बघू नये. करपलेली भाकरी काकांच्या ताटात पडायची, असा मावशीचा नियम होता. "ज्याचं पुस्तक त्याची भाकर," ती म्हणायची. त्यामुळे चांगलं वाङ्मय आणि काकांचं पोट यांचं कधी जमलं नाही.

काका मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावरही सवयीने पिशवी घेऊन बाहेर पडत, ते आसनगावहून गाडी धरून कल्याणला जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानदार विचारायचा, "काका, कौनसा चाहिए? लेखक बोलो." काका म्हणायचे, "लेखक नको. म्हातारीला आणि पोराला एका वेळेला उठू देणार नाय असलं दे." मग चोर-पोलिसांच्या गोष्टी, दर्यावरच्या सफरी, भुताच्या, जंगलातल्या शिकारीच्या, राजवाड्यातल्या विषप्रयोगाच्या, आणि हसून हसून ठसका लागेल अशा, सगळ्यांची एक गोणी खांद्यावर घेऊन ते परत येत. ठिपका मिळालेली पुस्तकं ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जात आणि तिथून कुणीही नेत. लोक पुस्तकाचं नाव विचारत नसत. "काका, तीन भाकऱ्यांचं काय आलंय का?" एवढंच विचारत. अशाच एका पुस्तकावरून शेजारची आजी आणि तिची शाळेत जाणारी नात यांच्यात एवढी जुंपली की शेवटी आजीने पुस्तक मधोमध उसवून दोन भाग केले. शेवटाकडचा भाग नातीकडे गेला. दोन दिवस ती पोरगी आजीला धमकावून पाय न चेपता झोपली. "गप पड, नायतर खून कुणी केला ते सांगंन." आजी तक्रार घेऊन आली तेव्हा काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी आतून काजळी आणून त्या पुस्तकाला चौथा ठिपका दिला. चार ठिपक्यांचं ते एकच पुस्तक आहे.

वाचण्याची काकांची तऱ्हा निराळी होती. त्यांना हळू बोलता येत नसे. त्यामुळे त्यांच्या गोष्टीत कट करणारी माणसं कानात ओरडून कट करायची आणि चोर दबक्या पावलांनी आलेला अख्ख्या आळीला ऐकू जायचा. भुताचं एक पुस्तक वाचताना घरातून एवढा धूर आला की शेजारचे दोघे कळशी घेऊन धावत आले. तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती, सुकट मांजराने नेलं होतं आणि मावशी गुडघ्याला हाताची मिठी घालून बसली होती. कळशीवाल्यांना तिने पाहिलं आणि म्हणाली, "बसा गप. ती विहिरीजवळ गेलीय." ते बसले. त्या रात्री चार घरांनी कोरडा भात खाल्ला असं म्हणतात.

मावशी दोन दिवस माहेरी गेली की काकांची पारख बंद पडायची. एकदा धीर न धरवून त्यांनी मुरबाडच्या एका खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईपुढे स्टूल टाकून वाचायला सुरुवात केली. बाई रंगली. मालकाने काकांना हाताला धरून बाहेर काढलं. "काका, तुमचं पुस्तक चांगलं असंल, पण गिऱ्हाईक ताट परत पाठवतंय." काकांनी ते पुस्तक कपाटात ठेवलं, पण ठिपका दिला नाही. परक्या तव्याचा निकाल त्यांना मंजूर नव्हता.

मी एकदा त्यांना एक गाजलेली कादंबरी नेऊन दिली होती. फार विचारांची, फार दुःखाची. आमच्या मंडळात तिच्यावर तीन जणांनी निबंध वाचले होते. काका इमानाने वाचत राहिले. मावशीने त्या संध्याकाळी केल्या तशा भाकऱ्या मी आधी खाल्ल्या नव्हत्या. पांढऱ्याशुभ्र, टम्म फुगलेल्या, कडेला एक डाग नाही. काकांनी पुस्तक मला परत दिलं आणि म्हणाले, "वाईट नाय गो. याच्यावर सैपाक चांगला होतो." मावशी तोंडाला पदर लावून चुलीतली लाकडं सारत राहिली.

काकांबद्दल गावाची एकच तक्रार होती. घरात, स्वयंपाकघराच्या दारावर एक फळी होती आणि तिच्यावर बरीच पुस्तकं होती. त्यांना ठिपके होते, पण ती पुस्तकं काका कुणाला देत नसत. हातही लावू देत नसत. "भारी माल घरात ठेवतो म्हातारा," लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मावशी अंथरुणाला खिळली. चुलीपर्यंत जाणं बंद झालं. शेजारची आजी भाकऱ्या पाठवायची. काकांनी उंबरठा सोडला आणि मावशीच्या खाटेशी पाट टाकला. वाचणं चालू राहिलं. मी रविवारी जायची तेव्हा बाहेरूनच आवाज ऐकू यायचा. प्रकरण संपलं की काका विचारायचे, "कसं हाय?" मावशी म्हणायची, "चांगलं हाय." दुसरं पुस्तक काढलं तरी, "चांगलं हाय." एकदा काकांनी एक पान चुकून दोनदा वाचलं. तेही तिला चांगलंच वाटलं. मी हसले. काका हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग शेजारून आलेल्या भाकरीकडे बघत राहिले. शेवटचं पुस्तक दर्यावर भरकटलेल्या दोन भावांचं होतं. ते ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी वाचून झालं; मी रजा घेऊन तिथेच होते. तेव्हाही ती "चांगलं हाय" म्हणाली.

दिवसकार्य उरकल्यावर पुढच्या महिन्यात मी गेले. काका उंबरठ्यावर बसले होते, हातात काही नव्हतं. चूल सारवलेली होती. काय बोलावं ते न कळून मी दारावरच्या फळीवरचं एक पुस्तक काढलं. पहिल्या पानावर दोन ठिपके होते.

"हे नेऊ का काका? वाचून परत देईन."

"ते नको नेऊ. भंगार हाय ते."

मला वाटलं थट्टा करतायत. "दोन भाकऱ्यांचं आहे की."

"दोनच भाकऱ्यांचं हाय," काका म्हणाले. "पण त्या दोनी बाजूंनी करपलेल्या व्हत्या."

काकांनी चष्मा काढून सुतळी बोटाला गुंडाळली.

"माणूस गोष्टीत गुंगला की भाकर उलटायची राहते. मग ती एकाच बाजूनं करपते. वरची बाजू कच्ची. तशी करपली की समजायचं, पुस्तक खरं. पण कवा कवा माझ्या ताटात यायची ती दोनी बाजूंनी काळी. तिच्या हाताला कच्ची भाकर टाकायला जमायचं नाय गो. आधी नीट भाजायची, उलटायची, फुगवायची, नि मग करपवायची."

"मुद्दाम?"

"कल्यानहून गोणी वाहून आणलेली असायची मी. पुस्तक फुसकं निघालं का माझं तोंड उतरायचं. ते बघवायचं नाय तिला." त्यांनी फळीकडे हात केला. "ही समदी तसली. लोकांना कशी देऊ? नि टाकू तरी कुठं?"

फळी भरलेली होती. इतकी रद्दी पुस्तकं ती बाई शेवटपर्यंत ऐकत बसली होती.

"तुम्हाला कळतं, हे तिला माहीत होतं?"

"नाय. ठिपका द्यायचो ना मी, तिच्या म्होरं. ती खूश व्हायची. फशीवलं म्हणून." त्यांनी बोटावरची सुतळी सोडली. "सांगायला पायजे व्हतं एकदा. म्हणायला पायजे व्हतं, हे नको ऐकू, तुला काय आवडतं ते सांग, ते आणतो. जन्मभर मी आणलेलंच ऐकलं तिनं. नाय म्हटलं मी."

"का नाही म्हटलंत?"

"मला ती भाकर आवडायची," काका म्हणाले.

चुलीजवळच्या कोनाड्यात दर्यावरच्या भावांचं पुस्तक उभं होतं. मी ते उचललं. "आणि हे? हे कपाटात ठेवू?"

"याचं कळलं नाय मला."

"चांगलं आहे म्हणाली की ती. मी होते तिथे."

"ते ती समद्यालाच म्हणायची," काका म्हणाले. "भाकर असती तर कळलं असतं. नायतर फळीवर ठेवलं असतं, नायतर कपाटात. आता कुठं ठेवू सांग."

मला राहवलं नाही. मी पदर खोचला. "मी करते भाकऱ्या. तुम्ही वाचा. बघू काय होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या ओठाची एक बाजू हलली. "ऱ्हाऊ दे गो बाय," ते म्हणाले. "तुझी भाकर पुस्तकाबिगर करपते."

ते खरं होतं. मी पुस्तक कोनाड्यात परत ठेवलं आणि चहा केला. चहा पिताना ते पावसाबद्दल, एसटीच्या वेळांबद्दल बोलले. मी निघाले तेव्हा मला निरोप द्यायला ते अंगणाच्या कुडापर्यंत आले आणि म्हणाले की वाटेत कुणी पुस्तकाचं विचारलं तर कपाटाची किल्ली आजीकडे आहे म्हणून सांग.

कपाट अजून ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. लोक येतात, ठिपके बघतात, पुस्तकं नेतात. नवीन पुस्तक त्यात आलेलं नाही. काका कल्याणला जात नाहीत. वाचतात, पण मनात. दारावरची फळी तशीच आहे. दर्यावरच्या भावांचं पुस्तक चुलीजवळच्या कोनाड्यात आहे. त्याचं पहिलं पान कोरं आहे.