अडकिणे आणि इतर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या विभागात एक शोधनिबंध लिहायला वर्ष लागायचं आणि किस्सा तयार व्हायला चहाची एक फेरी पुरायची. माझ्या नावावर निबंध किती, हे आज कुणी विचारलं तर मला कागद बघून सांगावं लागेल. किस्से मात्र तोंडपाठ आहेत. आणि आधीच कबूल करून टाकतो, यातल्या जवळपास प्रत्येक किश्श्यात मी कुणावर तरी जळतोय. तो माणूसही एकच, अनंत अडकिणे.

*

अनंता आणि मी गौलीगुड्यात एका गल्लीत वाढलो. दोघांचेही वडील मराठवाड्यातून इकडं तेलुगू मुलखात आलेले, दोघंही बस डेपोत नोकरीला. शाळा नारायणगुड्यातली, मराठी. हजेरी आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे व्हायची, त्यामुळे अडकिणे पहिला आणि मी वाघमारे शेवटचा. बाई अडकिणेचं नाव ताज्या आवाजात घ्यायच्या, माझ्यापर्यंत येता येता त्यांना जांभई आलेली असायची.

एकदा शाळेत लस टोचायला आले. पहिली सुई अर्थातच अनंताला. तो असा रडला की शेजारच्या वर्गात ऐकू गेलं. मी मनातल्या मनात खूश. माझी पाळी आली तेव्हा लस संपली होती. मी उड्या मारणार, तेवढ्यात कळलं की टोचून घेणाऱ्यांना वाटायच्या पेपरमिंटच्या गोळ्याही संपल्यात. घरी जाताना अनंता दंड चोळत गोळी चघळत होता. एवढं दुखतंय तर गोळी तरी मला द्यायची!

माझे वडील, म्हणजे दादा, उर्दू शाळेत शिकलेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आमचं आडनाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांनी पक्कं लक्षात ठेवलंय. वर्गाच्या निकालावर, यादीवर, कुठंही ते बोट फिरवत नाव शोधायचे. बोट नेहमी तळाशी जाऊन थांबायचं. मग म्हणायचे, "अडकिण्याचं पोरगं बघ, कसं वर आहे."

त्यांना हजेरीचा नियम समजावून सांगण्यात माझं बालपण गेलं.

*

पुढं दोघंही भौतिकशास्त्राकडे गेलो आणि नशिबाचा खेळ म्हणजे एकाच संस्थेत चिकटलो. तो सैद्धांतिक भौतिकीत. मी अवकाश प्लाझ्मात. म्हणजे सूर्याकडून विद्युतभारित कणांचा जो वारा सतत वाहत असतो, त्याचे उपग्रहांनी पाठवलेले आकडे आम्ही चाळत बसायचो. वेगळे विभाग, वेगळे मजले. मी बरीच वर्षं सुखात होतो.

मग राज्याची वाटणी झाली. ऑफिसं, फायली, गाड्या, जे ते दोन भागांत विभागलं जात होतं. नेमक्या त्याच वर्षांत आमच्या संस्थेला वाटलं की आपण जोडाजोडी करावी! गणित, सैद्धांतिक भौतिकी आणि अवकाश प्लाझ्मा या तिघांचा मिळून एक विभाग झाला.

पहिलं भांडण पाटीवर. तिन्ही नावं एकाच पाटीवर हवीत, आणि जुना विभाग आधी असं ठरलं. आमचा सगळ्यात नवा, म्हणून शेवटी. पाटी इतकी लांब झाली की मुख्य दारावर 'गणित' आणि 'सैद्धांतिक भौतिकी' एवढंच मावलं. आमचं नाव शेजारच्या दारावर गेलं. तिथं झाडू, फिनेल आणि तुटक्या खुर्च्या ठेवलेल्या असायच्या.

ऑफिसातले खाजाभाई आल्या-गेल्याला पत्ता सांगायचे, "वाघमारे साब का डिपाटमेंट? झाडुआँ रखते ना, उस दरवाजे पे लिखको है."

*

एकत्र विभागाचा पहिला सेमिनार अनंताचा होता. तो फळ्यावर समीकरण लिहीत होता आणि मी मागं बसून चूक शोधत होतो. अशी एकाग्रता मला स्वतःच्या कामात कधी साधली नाही. आणि सापडली! समीकरणात प्रकाशाचा वेग असायला हवा, तो नव्हताच. मी ताडकन उठलो आणि सगळ्यांसमोर विचारलं की प्रकाशाचा वेग कुठं गेला.

अनंता शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं प्रकाशाचा वेग एक धरतात. मग लिहावा लागत नाही."

सैद्धांतिकवाल्यांची ती रीतच आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सगळे हसले. मी खाली बसता बसता म्हणालो, "प्रकाशाचा वेग एक धरणारा माणूस, ऑफिसला मात्र पावणेअकराला येतो." त्यावर कुणी हसलं नाही.

*

आमच्या प्रमुख वसुंधरा मॅडम गणितातल्या. गणितवाल्यांची एक पद्धत आहे. निबंधावर लेखकांची नावं कामाप्रमाणे लावत नाहीत, आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावतात. मॅडमनी तोच नियम सगळ्या विभागाला लावला. मला शाळेचा वर्ग आठवला.

मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो की आमच्यात जास्त काम करणाऱ्याचं नाव आधी येतं. मॅडमनी चष्मा काढला. "वाघमारे जी, काम गिनने बैठे तो गणित कब करेंगे?"

मी नाव बदलण्याचा फॉर्मसुद्धा आणला होता. गावावरून आडनाव घ्यायचं, गावाचं नाव 'अ'नं सुरू होतं. दादांनी फॉर्म वाचून घेतला, घडी केली आणि खिडकीची फट बुजवायला वापरला.

*

तिन्ही विभागांचा पहिला एकत्र निबंध निघाला. आकडे माझे. सूर्याच्या वाऱ्यात, वादळ येण्याच्या जरा आधी, कणांची दाटी एकदम वाढते असं माझ्या आकड्यांत दिसलं. अनंतानं त्यावर सिद्धांत बांधला, गणितातल्या दोघांनी त्याची समीकरणं सिद्ध केली. नावं अर्थातच अडकिणे पहिला, मधे ते दोघं, शेवटी मी.

बाहेरच्या देशांत त्याची चर्चा झाली. चार लेखकांची नावं कोण लिहीत बसतो? सगळीकडं 'अडकिणे आणि इतर'. तीन वर्षं आकडे मी चाळले आणि मी झालो 'इतर'. पेपरात बातमी आली तीसुद्धा अनंताच्या फोटोसकट. दादांनी कात्रणावर बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून.

"तुझं नाव कुठंय रे?"

मी 'इतर' या शब्दावर त्यांचं बोट नेऊन ठेवलं. त्या दिवशी मला अनंताचं तोंड बघवलं नाही.

*

सहा महिन्यांनी परदेशातून कुणीतरी दोन पानांची टिपणी छापली. उपग्रहावरचं यंत्र बंद असलं की फाइलमध्ये त्या जागी नुसते नऊ-नऊ-नऊ भरलेले असतात. याचा अर्थ, इथं माहिती नाही. ते नऊ आधी काढून टाकायचे, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी दोन दिवसांचे काढायचे विसरलो होतो. ज्या दाटीवर आमचा सिद्धांत उभा होता, ती दाटी म्हणजे बंद पडलेलं यंत्र होतं.

टिपणीचं शीर्षक होतं, 'अडकिणे आणि इतर यांची चूक'. चार दिवसांत लोक नुसतं 'अडकिण्याची चूक' म्हणायला लागले.

खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी गार वाटलं. पहिलं नाव हवं होतं ना? घे! मी 'इतर'मध्ये गुपचूप बसून राहिलो. मॅडम निवृत्त होणार होत्या, प्रमुखपदासाठी अनंताची मुलाखत आठवड्यावर होती. मी सगळं जाणून होतो आणि तरी तोंड उघडलं नाही.

मुलाखतीत बाहेरच्या तज्ज्ञांनी त्याला तेच विचारलं. समितीत मॅडम होत्या, त्यांनीच मला नंतर सांगितलं. अनंता म्हणाला होता, "पहिलं नाव माझं आहे, तेव्हा चूक माझीच." माझं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं. समितीनं निर्णय लांबणीवर टाकला होता.

लाज वाटलीच. पण त्याहून जास्त मी जळलो. चांगुलपणातही हाच पहिला? तेवढं तरी त्याला मिळू द्यायचं नाही असं ठरवलं आणि तिथंच म्हणालो, "मॅडम, ते नऊ माझे आहेत. लिहून देतो."

मॅडमनी माझ्याकडून समितीला पत्र लिहून घेतलं. अनंता प्रमुख झाला, म्हणजे माझा साहेब झाला. निबंधाची दुरुस्ती छापायची होती, तिच्यावरचा नावांचा क्रमही मॅडमनीच ठरवला. "क्रेडिट अल्फाबेट से. गलती जिसकी उसकी."

*

ते दुरुस्तीचं पान छापून आलं. मी घरी टेबलावर टाकलं आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर दादा भिंग घेऊन पानावर वाकलेले. बोट पहिल्या ओळीवरच थांबलं होतं.

"पहिलं आहे?"

"आहे, पण दादा, ते..."

"आहे का नाही, एवढंच सांग."

"आहे."

दादा चप्पल घालून सुलतान बाजारला गेले. संध्याकाळी सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये ते पान घेऊन आले आणि आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकला. मला दोनदा सांगावंसं वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी काच पुसायला घेतली होती.

पुढच्या रविवारी अनंता जेवायला आला. दादांनी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, आधी फ्रेमसमोर नेऊन उभं केलं. अनंतानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या लेखकानं आकडे नीट तपासले नाहीत, त्यामुळे निष्कर्ष मागं घेत आहोत, खेद आहे. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मग वळून माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघत होतो.

"पहिलं नाव कुणाचं, अनंता?" दादांनी विचारलं.

"वाघमारे."

"हौ. तुझं आलं का रे कधी असं, फ्रेम करण्यासारखं?"

अनंतानं फ्रेम जराशी तिरकी झाली होती ती बोटानं सरळ केली.

"नाही काका," तो म्हणाला. "माझं असं एकदाही नाही आलं."