सड्याखालचं बेडं

तो कुठला घाट, खालचं गाव कुठलं, हे मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल. एवढं पुरे की सोलापुरातून पिकअपमध्ये सायकली बांधून निघालो की आम्ही घाटमाथ्यावर मुक्काम करतो आणि सकाळी जुन्या बैलवाटेनं कोकणात उतरतो. आधी दाट रान, मग ओढा, मग जांभ्या दगडाचा उघडा माळ, ज्याला तिकडं सडा म्हणतात. सड्यावरून पुन्हा तीव्र उतार, एक आंब्याची वाडी आणि वाडीपलीकडं समुद्र. डांबर कुठंच लागत नाही. ही वाट मी शोधली.

सात रस्त्याजवळ माझं सायकलीचं दुकान आहे. फुटपाथवर पंक्चर काढत होतो तिथून इथवर आलो, कुणी हात धरून आणलं नाही. डोंगरात चालवायच्या महागड्या सायकली मी सोलापुरात विकतो, जिथं डोंगर नाही. हिप्परग्याच्या तलावाभोवती धूळ खायची आणि टायरमधले बाभळीचे काटे उपसायचे, एवढंच गिऱ्हाइकाच्या नशिबी. त्यांना उतार दाखवायचा म्हणून मी हिवाळ्यामागून हिवाळे कोकणात एकटा हिंडलो. किती वाटा कड्यावर जाऊन संपल्या, किती ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन परत चढलो, ते मला आणि माझ्या गुडघ्यांना माहीत.

सगळी वाट जुळली आणि शेवटी ती वाडी आडवी आली. दगडी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आणि त्यात बेडं. दोन खांबांना भोकं पाडून त्यात आडवे वासे सरकवलेले असतात, त्याला बेडं म्हणतात. आमच्याकडं असलं काही नसतं. आमच्या काळ्या रानातून कुणीही बांधानं चालत जातो, दार उघडायचा आणि लावायचा प्रश्नच येत नाही. वाडीची मालकीण माझ्याच वयाची. नवरा मुंबईत नोकरीला, वाडी ही बघते. मी तिच्याशी सौदा करायला गेलो. पैशाला ती बधली नाही. निघालो म्हणून पाठही फिरवली. सोलापुरात तेवढ्यावर दुकानदार हाक मारतो. तिनं मारली नाही.

मग अंगणातली तिच्या मुलीची शाळेची सायकल माझ्या नजरेला पडली. ब्रेक नुसते नावाला होते आणि शाळेचा रस्ता सगळा उतार. मी न विचारता खाली बसलो आणि ब्रेक शू बदलले. ते बघून ती बोलली. भात कापलं की तिकडं गुरं मोकळी सोडतात. म्हणून वासे काढले की काढणाऱ्यानंच परत घालायचे. वाट फक्त मला आणि माझ्याबरोबर असतील त्यांना. वर्षाला मुलीच्या सायकलीची दुरुस्ती माझ्याकडं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चोख सौदा, आणि त्यात कागद नव्हता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं निघालो. मी, माझ्याकडून सगळ्यात महाग सायकल घेतलेले एक डॉक्टर आणि टॉवेलचा कारखाना असलेले माझे मित्र. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दोघंही आधी एकदा माझ्याबरोबर ही वाट उतरलेले. मी सकाळपासून गप्प होतो. आठवड्यापूर्वी पुण्याचा एक पोरगा दुकानात आला होता. मोबाईलवर त्यानं मला माझीच वाट दाखवली, घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत लाल रेघ, आणि वर नाव डॉक्टरांचं. खाली लोकांनी कौतुक केलेलं, ह्यांनी सगळ्यांचे आभार मानलेले. मी ठरवलं होतं, समुद्रावर पोचल्यावर विचारायचं. उतारावर भांडू नये, हात ब्रेकवर असावे लागतात.

"मालक, आज तोंडात काय गुळणी धरलीय का?" अण्णांनी सड्यावर विचारलं.

"वाट बघून चालवा," मी म्हटलं.

सड्याखालचा उतार उतरलो आणि बेड्यापाशी कचकन ब्रेक दाबले. वासे साखळीनं जखडलेले, वर काटेरी फांद्या रचलेल्या. आत ती कोयता घेऊन उभी होती.

"थंयच रवा," ती म्हणाली. "मागे फिरा."

"वहिनी, मी आहे. सोलापूरचा."

"दिसता माका. म्हणानच सांगतंय."

तिनं मागं हात केला. गडग्याच्या आत आंब्याची कोवळी कलमं होती. त्यांचे नुसते सोट उभे होते, पाल्यासकट शेंडे गेलेले.

"सायकलवाले इले. बेडां सोडल्यानी आणि तसेच गेले. रात्रभर गुरां आत होती." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मोबायल दाखवीत होते. म्हणाले, वाट ह्येच्यात आसा. तुमीच दिलास ना?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टर पाण्याची बाटली उघडत होते, रिकामी असून.

"नुकसान काय झालं ते सांगा, भरून देऊ," डॉक्टर म्हणाले.

"चार वर्सांची कलमां. पैशान वाढतत काय?"

आयुष्यभर मी घासाघीस केली, पण दिलेला शब्द फिरवला असं कुणी म्हणू शकत नाही. आणि ही बाई आता तेच समजत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी नाही दिली. दिली ती ह्यांनी. हे माझ्याबरोबर आले होते, म्हणजे माझीच जबाबदारी. ती मोबाईलवरून आत्ता काढून टाकतो."

"आत्ता कसं काढणार?" डॉक्टर म्हणाले. "इथं रेंज कुठाय? घरी गेल्यावर बघतो ना."

"रेंज सड्यावर आहे."

"ह्या उन्हात परत वर? डोकं फिरलंय का मालक तुमचं?"

घरी गेल्यावर बघतो, हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो. त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. मी पिशवीतली पाना-किल्ली काढली, त्यांच्या सायकलीपाशी बसलो, पुढच्या चाकाचा एक्सल फिरवून उपसला आणि खिशात घातला. चाक गडग्याला टेकवून ठेवलं.

"सायकल हितंच राहू द्या," मी म्हटलं. "एक्सल काम झाल्यावर मिळंल."

"ही गुंडगिरी झाली."

"व्हय."

अण्णा हसले, आणि कुणी साथ देत नाही म्हटल्यावर थांबले. कोयता गडग्यावर ठेवून त्या बाईनं अण्णांना पाण्याचा तांब्या दिला. आम्हा दोघांना दिला नाही.

अण्णांना खाली ठेवून आम्ही दोघं पायी निघालो. चढ उभा होता. जांभा तापला होता आणि सायकलीच्या बुटांनी पाय सटकत होते. डॉक्टर दोनदा बसले. मीही बसलो, पण लांब. मध्यावर ते बोलायला लागले तेव्हा 'तुम्ही' संपलं होतं.

"तू काय केलंस रे? नुसता पुढं चालवत होतास. नकाशा मी केला. कुठं चढ, कुठं पाणी, कुठं सांभाळून, सगळं इंग्रजीत मी लिहिलं. तुला जमलं असतं?"

"नसतं जमलं," मी म्हटलं. "म्हणून तर ती बाई इतके दिवस निवांत झोपत होती."

"लोकांच्या उपयोगाची गोष्ट आहे. वाट काय कुणाच्या बापाची असते?"

"ही तिच्या बापाची नाही, नवऱ्याच्या बापाची आहे. तिथं बेडं असतं, ते लावायचं असतं, एवढं इंग्रजीत लिहिलं होतं का?"

लिहिलं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला ते लिहायचं सुचतच नाही, हे मलाही ठाऊक होतं, आणि तरी माझा राग तसूभर उतरला नाही.

सड्यावर एका उंबराखाली रेंज येते. गावची माणसं मुंबईला फोन लावायला तिथंच येतात. डॉक्टरांनी वाट उघडली. कायमची काढायची का, असं मोबाईलनं विचारलं. त्यांचा अंगठा वरच्या वर थांबला. मी खिशातला एक्सल मुठीत दाबून उभा होतो. त्यांनी दाबलं, आणि लाल रेघ गेली.

खाली आलो तेव्हा ती तिथंच उभी होती.

"काढलास?" तिनं मला विचारलं. डॉक्टरांकडं बघितलंही नाही.

"काढली. माझ्यासमोर."

"तुमी सांगतास म्हणान." तिनं काटे बाजूला ओढले, साखळी सोडली आणि फक्त वरचा वासा काढला. "ह्येच्यावरसून उचलून न्या. सगळां सोडूचंय नाय."

आम्ही सायकली एकेक करून पलीकडं घेतल्या. मी एक्सल परत बसवून दिला. मग तिनं वासा डॉक्टरांच्या हातात दिला.

"घाला."

वाशाचं एक टोक आधी खोल भोकात पूर्ण सारायचं असतं, मग दुसरं टोक समोरच्या भोकाशी आणून मागं ओढायचं. डॉक्टर उलट्या बाजूनं घालत होते. वासा अडत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मुलीच्या सायकलीसाठी आणलेले ब्रेक शू पिशवीतून काढायला वाकलो.

"डॉक्टर, पेशंट काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

तिसऱ्या खेपेला वासा बसला. तिनं तो हलवून पाहिला, मगच साखळी घातली.

डॉक्टर आता सायकल दुसरीकडं दुरुस्त करतात. रस्त्यात दिसले तर मान वळवतात, मीही वळवतो. माझ्या वाटेवर स्वतःचं नाव टाकल्याबद्दल त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही.

ते मी सोसलं असतं. पण परवा एक अनोळखी गिऱ्हाईक टायर घ्यायला आलं आणि त्याच्या मोबाईलवर तीच लाल रेघ. काढून टाकायच्या आधीच त्यानं उतरवून घेतलेली. मी म्हटलं, ती वाट बंद आहे, बेडं आहे, काटे आहेत. तो म्हणाला, "ह्यात तर सरळ दिसतीय की." असे आणखी किती असतील, मला मोजता येत नाही.

तिला मी काढली म्हणून सांगितलंय, आणि तिनं माझ्या शब्दावर वासा काढला होता. भात कापून गुरं सुटायच्या आत मी जाणार आहे, एकटा, एसटीनं, सायकल न घेता. ब्रेक शूचे दोन जोड बरोबर नेईन. वाट तिच्याकडं परत मागणार नाही. रेघ अजून लोकांकडं आहे, बेड्याला कुलूप घाला, मलासुद्धा सोडू नका, एवढं सांगून येईन.