किटलीतलं पंचामृत

खरं सांगायचं तर त्या दिवसांत देवाचं आणि माझं पटत नव्हतं. आमचे हे अचानक गेले, आणि जन्मभर ज्या देव्हाऱ्यासमोर दिवा लावला त्याच्याकडे मी पाठ फिरवली. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या बिल्डिंगमध्ये सुनंदा राहायची. तिनं मला घरातून अक्षरशः ओढून काढलं आणि सायकलवर बसवलं. "रडायचंच असेल तर पॅडल मारत रड, निदान गुडघे तरी मोकळे होतील," म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या आम्ही दोघी, तिचा रेनकोट पोपटी, माझा जांभळा. कॉलनीतली पोरं आम्हाला मिरची-वांगं म्हणायची. आता ती लेकाकडे बंगळुरूला असते. झड लागली की अजून माझा पाय पॅडल शोधतो आणि जीव नुसता कासावीस होतो.

तो श्रावणी सोमवार होता. त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून सुनंदानं गिरणाऱ्याच्या पुढचं, कश्यपी धरणाकडचं महादेवाचं एक लहानसं देऊळ शोधून काढलं. "दर्शनाला तू जा, मी बाहेर सायकली सांभाळते," असं मी आधीच बजावलं होतं. गिरणाऱ्याच्या टपरीवर मी तिच्यादेखत वडापाव हाणला आणि तिला विचारलं, "तू काही खाल्लंयस ना?" "वाटीभर खिचडी खाऊन निघालेय, बाई," ती म्हणाली. चक्क थाप, हे मला नंतर कळलं! त्या सोमवारी तिनं पाण्याशिवाय काही न घेण्याचा कडक उपास धरला होता, आणि डायबेटीसची सकाळची गोळी मात्र सवयीनं घेतली होती. आम्हा बायकांचं हे असंच. उपास देवासाठी, गोळी डॉक्टरसाठी. दोघांपैकी कुणाला दुखवायचं नाही.

गाव मागे पडलं आणि पावसानं जोर धरला. चढावर मी वळून पाहिलं तर तिची सायकल रस्त्याकडेला आडवी आणि ती दगडावर बसलेली. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम, हात लटलट कापत होते, बोलणं असंबद्ध. साखर उतरली हे मला लगेच कळलं, कारण ह्यांना असंच व्हायचं. मी पिशवी उपसली. चिवडा, लसणाची चटणी, आणि थर्मासमध्ये चहा. तोही तिच्यासाठी म्हणून मुद्दाम बिनसाखरेचा! चिवड्याचा घास तोंडाशी नेला तर दातावर दात दाबून म्हणते, "माझा सोमवार आहे." स्वतःचं नाव धड आठवत नव्हतं, पण वार पक्का लक्षात होता. फोनला रेंज नाही, रस्त्यावर गाडी नाही, आणि तिला तशी टाकून गावाकडे जायची माझी छाती होईना. ती माझ्या खांद्यावर कलंडली तेव्हा मी आभाळाकडे बघून ओरडले, "एकाला नेलंस ना? आता हिलाही नेतोस? आमचंच घर दिसतं का रे तुला?" माझ्याकडे तेवढीच प्रार्थना उरली होती.

तेवढ्यात वळणावरून एक बाई आली. डोक्यावर गोणीची खोळ, हातात स्टीलची किटली नि पळी. "काय झालं वं ताई?" तिनं विचारलं. "काहीतरी गोड आहे का हो? काहीही! साखर उतरलीय हिची," मी म्हटलं. "पंचामृत हे ना," असं म्हणत ती खाली बसली. पण सुनंदाचे ओठ घट्ट मिटलेले. मी विनवलं, रागावले, काही उपयोग नाही. मग ती बाई हळूच म्हणाली, "माय, तीर्थ घ्या." आणि काय सांगू! सुनंदाचा उजवा हात आपसूक पुढे आला, तळवा खोलगट झाला, डावा त्याच्याखाली गेला. तीर्थाला नाही म्हणायचं त्या हाताला ठाऊकच नव्हतं. दूध, दही, तूप, मध, आणि साखर तर त्या माउलीनं सढळ हातानं घातलेली. पळीमागून पळी ती देत गेली आणि सुनंदा घेत गेली.

बऱ्याच वेळानं सुनंदाच्या डोळ्यांत ओळख आली. "माझा उपास मोडला का गं?" हे तिचं पहिलं वाक्य. मला हसावं की तिला एक ठेवून द्यावी कळेना. मी तिला कवटाळून रडले. "तीर्थानं कुठं उपास मोडतो?" बाई म्हणाली. तिचा फुलांचा मळा जवळच होता; तिच्या घरच्यांनी मग पिकअपमधून आम्हाला सायकलींसकट दवाखान्यात पोचवलं.

पिकअपमध्ये चढण्याआधी मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती दचकून मागे सरली आणि तिनंच आम्हाला हात जोडले. "लय पाऊस, देवळात चिटपाखरू नाय. अभिषेक केला, पन तीर्थ घ्यायला एक मानूस नाय. सांडून कसं द्यायचं? म्हनून देवाला म्हनत व्हते, कुनीतरी धाड रे बाबा, तुझं तीर्थ वाया नको जाया. तर तुमी बसलेल्या!"

कोणाला कोणाकडे धाडलं होतं, हा हिशेब मी नंतर पुष्कळ करून पाहिला आणि मग सोडून दिला. ती बाई शांतपणे मागत होती, मी भांडून मागत होते, आणि त्यानं दोघींचं ऐकलं. त्या दिवशी निघता निघता तिनं किटली माझ्यापुढे धरली, "तुमी बी घ्या." मी हात पुढे केला.