माझी किडनी आणि प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ गेला त्या दिवशी मी रनाळ्याच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. सकाळची शाळा होती, दहा वाजून गेले असतील. वहिनीचा फोन दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. "ताई, तुमना भाऊ गया," ती म्हणाली. "तुम्ही येवालोंग आम्ही थांबतस." त्याच्या छातीत कळ आली, हातातला कप त्याने नीट खाली ठेवला आणि तो खुर्चीतच एका बाजूला कलला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी विचारलं, "आनि किडनी?" अशा वेळी कोणी असं विचारत नाही, पण माझ्या तोंडून ते निघून गेलं. वहिनी म्हणाली, "किडनी चांगली व्हती, ताई. मांगला आठवडानाच रिपोर्ट शे."

ती किडनी माझी होती. सात वर्षांपूर्वी सुरतेला माझ्या डाव्या कुशीतून काढून त्याच्या पोटात बसवली होती. भाऊच्या गावी, ब्राह्मणपुरीच्या स्मशानात तो जळत होता, तेव्हा तीही जळत होती... आणि मला त्याच्याइतकंच तिचंही वाईट वाटत होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दहाव्याच्या दिवशी पाच-सहा जण बोलायला उभे राहिले. एकाने सांगितलं, प्रल्हादभाऊ म्हणजे बहिणीवर जीव टाकणारा भाऊ. दुसरा म्हणाला, त्या दोघांच्या प्रेमाला तोड नाही, बहिणीने हसत हसत किडनी दिली. मी बायकांमध्ये बसून ऐकत होते. मी हसले नव्हते आणि त्याने कधी जीव टाकला नव्हता. त्या भाषणांच्या रागातूनच हे लिहायला घेतलं आहे.

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. शहाद्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी आणून टाकायच्या, त्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची. आसपासच्या गावांतून लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याने भरलेली मोटर लवकर जळत नसे. हात सोन्याचे होते, हे मी मान्य करते. तोंड मात्र विस्तवाचं होतं. मी डी.एड.ला जाऊ नये म्हणून तो दोन दिवस जेवला नव्हता. मी गेले, मला नोकरी लागली, तर म्हणाला, "मास्तरीन व्हयनी, आते भाऊले शिकाडशी." आमची आई त्याच्याकडे असायची. ती गेली तेव्हा मला फोन आला तो अग्नी देऊन झाल्यावर. का, म्हणून विचारलं, तर त्याने एवढंच सांगितलं, "तुले येवाले टाइम लागता." रनाळे काही परदेशात नाही. त्या दिवसापासून सहा वर्षं मी त्याच्या दारात पाय ठेवला नाही.

सहाव्या वर्षी वहिनी एकटीच माझ्याकडे आली. भाऊच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसभर वाकून बसल्याने कंबर दुखायची म्हणून कित्येक वर्षं तो रोज दुखण्याच्या गोळ्या खात होता. रक्तदाबही वाढलेला होता, त्याने तो कधी तपासलाच नव्हता. पायांवर सूज आली, मळमळ सुरू झाली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. आता आठवड्यातून तीनदा नंदुरबारला डायलिसिस चालू होतं. वहिनीला साखर असल्याने तिची किडनी डॉक्टर घेणार नव्हते. माझा रक्तगट त्याला चालणारा होता. "ते काही बोलनार नहीत," वहिनी म्हणाली. "मीच मांगाले उनू." मी नाही म्हणाले. माझ्या यजमानांनीही नाही म्हटलं आणि तिला स्टँडवर सोडून आले.

पुढच्या आठवड्यात मात्र मी नंदुरबारला डायलिसिसच्या वॉर्डात जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर त्याला त्या अवस्थेत बघायला गेले होते. हाताला दोन जाड सुया, शेजारी यंत्र, नळ्यांतून त्याचंच रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हाच मी ठरवलं की किडनी द्यायची. दया आली म्हणून नाही. आयुष्यभर तो माझ्यासमोर मान ताठ ठेवून वागला, आता मरेपर्यंत त्याने माझ्याकडे बघताना मान खाली घालावी, एवढ्यासाठी... माझ्या मनातलं तेव्हाचं खरं कारण ते होतं.

मग सुरतेच्या फेऱ्या सुरू झाल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची तपासणी, दोघांचं रक्त एकमेकांशी जुळवून बघणं, माझी कोणती किडनी किती काम करते त्याचा स्कॅन. दोन्ही ठणठणीत निघाल्या. डावी घ्यायची ठरली, कारण तिची रक्तवाहिनी लांब असते आणि जोडायला सोपी जाते. डॉक्टर तरुण होते, कागदावर चित्र काढून समजावत. भाऊच्या जुन्या किडन्या जागेवरच राहतील, नवी उजवीकडे ओटीपोटात बसवू, म्हणजे हात लावला तर लागेल एवढी कातडीजवळ. शरीर तिला परकी समजून तिच्यावर चालून जाणार, म्हणून त्याला अडवणाऱ्या गोळ्या जन्मभर, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी. त्या गोळ्यांमुळे बाकीचे रोगही चटकन चिकटतील. भाऊने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "काम करता ई का?" मला काय होईल, हे विचारलं नाही. ते मीच विचारलं.

परवानगीच्या समितीपुढे माझं बोलणं कॅमेऱ्यात घेतलं. कोणाचा दबाव आहे का? नाही. काही घेतलंत का? नाही. मग का देता? मी म्हणाले, "भाऊ आहे." यापेक्षा लांब उत्तर तिथे देण्यासारखं नव्हतं. शिवाय माझ्या यजमानांची संमती मागितली. किडनी माझी, आणि सही त्यांची. त्यांनी ती केली, पण महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शाळेच्या रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहायचं होतं. कारकून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तर आजारच नाही." तेही खरंच.

ऑपरेशनच्या सकाळी दोन स्ट्रेचर एकाच पॅसेजमध्ये शेजारी शेजारी होती. भाऊ छताकडे बघत होता. "घाबरी ऱ्हायनी का?" त्याने विचारलं. "नही," मी म्हणाले. "मंग ठीक." मला आधी आत नेलं. दुर्बिणीने काढली, तीन-चार छोटी भोकं आणि खाली एक काप. जागी झाले तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसने तसं होतं म्हणे. वहिनी धावत आली, डोळ्यांत पाणी, म्हणाली, "ताई, टेबलवरच लघवी चालू व्हयनी." किडनी कामाला लागली म्हणून त्या मजल्यावर सगळे आनंदात होते. मला कूस बदलायला नर्स बोलवावी लागत होती. त्याला भरपूर सलाईन, तासातासाला मोजमाप, काचेआडची वेगळी खोली. मी पाचव्या दिवशी घरी आले आणि दीड महिना भरलेली बादली उचलली नाही. बघायला येणारे सगळे आधी ब्राह्मणपुरीला जायचे. माझ्याकडे आलेच तर म्हणायचे, तुला काय, तुझी एक आहेच की. एका मावशीने तर चहा मलाच करायला लावला.

तिसऱ्या महिन्यात त्याचा रिपोर्ट बिघडला. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली होती. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. परत सुरत, किडनीत सुई घालून तुकडा काढला, तीन दिवस जोराची इंजेक्शनं दिली. मी भेटायला गेले. तो उशीला टेकून बसला होता, स्टिरॉइडने चेहरा फुगून गोल झालेला. मला बघताच म्हणाला, "तुन्ही किडनीबी तुन्हासारखीच शे. कोनसंगे जमस नही."

मी म्हणाले, "मंग परत दे."

"देस. लई जाय." देतो, घेऊन जा, म्हणाला.

नर्स हसली, तिला वाटलं चेष्टा चाललीय. आम्ही दोघंही हसलो नाही. चौथ्या दिवशी रिपोर्ट सुधारला. त्यात औषधाचं श्रेय होतं, आमच्या प्रेमाचं नव्हतं.

त्याच वर्षी आखाजीला, लेकी माहेरी जातात त्या सणाला, मी इतक्या वर्षांनी माहेरी गेले. मनात म्हटलं, आता तरी तो 'ये' म्हणेल. त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं, तर आतून आवाज आला, "मास्क लाव. नही ते बाहेर बठ." मी बसमधून उतरून थेट आले होते, मास्क पिशवीत राहिला होता. मी म्हणाले, "किडनी मन्ही शे, भाऊ." तो म्हणाला, "किडनी तुन्ही शे, घर मन्हं शे." नियम बरोबर होता, मला माहीत होतं. पण त्याने तो ज्या सुरात सांगितला, त्या सुराने मी तिथूनच परत फिरले. वहिनी पुरणपोळीचा डबा घेऊन स्टँडपर्यंत मागे आली. मी तो घेतला नाही. वहिनीचा काय दोष होता... तरीही नाही घेतला.

त्यानंतर लग्नकार्यातच भेट व्हायची, दोन वाक्यांपुरती. पण गोळ्यांच्या बाबतीत तो चुकला नाही, हे सांगायला हवं. कोणी जंगलातल्या जडीबुटीची पूड आणून दिली, ती त्याने देणाऱ्याच्या समोर गटारात टाकली. लग्नाच्या पंगतीत उकळलेल्या पाण्याची स्वतःची बाटली, कच्ची कोशिंबीर नाही, वेळ झाली की बोलणं अर्धवट सोडून गोळी. लोक नावं ठेवायचे, त्याला फिकीर नव्हती.

एकदा शहाद्याला कामासाठी गेले असताना त्याच्या दुकानावरून चालले होते. तो एक छोटी मोटर पुढ्यात घेऊन बसला होता, बारीक तार खाचेत भरत होता. हात थरथरत होते. त्या गोळ्यांनी काहींचे हात कापतात. तार खाचेत जाईना, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा... शेजारी बसलेल्या कारागिराने मोटर स्वतःकडे ओढून घेतली. भाऊने वर पाहिलं, मी समोरच उभी. त्याने त्या कारागिराला एक शिवी दिली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मला वाटलं होतं, त्याची मान खाली गेलेली बघून बरं वाटेल. मी तिथून चटकन निघाले. त्या दिवशी ज्या कामासाठी गेले होते ते विसरूनच घरी आले.

आता तो नाही. तेराव्यानंतर वहिनीने मला त्याच्या खोलीत नेलं. खिडकीला जाळी, पलंग, टेबलावर दुकानाच्या हिशेबाच्या असतात तशा लांबट वह्यांची चवड. रोजची लघवी, पाणी, रक्तदाब आणि वजन तो लिहायचा. डॉक्टरांनी सहा महिने लिहायला सांगितलं होतं, याने सात वर्षं लिहिलं. "वाचा," वहिनी म्हणाली, "मले ते नीट वाचता येस नही." मी एक वही उघडली. लघवीच्या रकान्यावर 'लघवी' असं लिहिलेलंच नव्हतं. तिथे 'सुमी' लिहिलं होतं. लहानपणी तो मला त्याच नावाने हाक मारायचा, नंतर कधीतरी ते बंद झालं. पानापानावर तेच. सुमी चांगली. सुमी आज आळशी. सुमीने रात्री चार वेळा उठवलं. अक्षर वर्षागणिक वेडंवाकडं होत गेलेलं, हात कापत असणार. एकदाही 'उपकार' नाही, 'बहीण' नाही, मला कधी फोन करावा असा विचार नाही. मी उभ्या उभ्या वाचत राहिले, मग त्याच्या खुर्चीत बसले. राग आला होता. सात वर्षं रोज माझं नाव लिहिलंस आणि एकदा तोंडाने घेता आलं नाही तुला.

शेवटची नोंद तो गेला त्याच्या आदल्या रात्रीची होती. आकडे लिहून झाल्यावर खाली तीन वाक्यं होती.

'सुमी कमी. पाणी मीच कमी प्यालो. तिचा दोष नाही.'