पाटावरची तीन नावं

मूर्तीचे डोळे आखून झाले की बाय ब्रश पदराला पुसायची आणि गणपतीला सांगायची, "लोकं बघतातच. आता तू पण बघ."

पेणला गणपतीच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसून ती आखणी करायची; आम्ही सगळे तिला बायच म्हणायचो. यायची रोह्याजवळच्या अष्टमीहून. घरी नवरा, आणि त्या दोघांच्या संसारात मागाहून आलेली एक मैत्रीण. एवढं कळलं की तुम्ही-आम्ही लगेच एक शब्द काढतो, तसा कारखान्यातही निघाला: सवत. बाय चिडली नाही. "सवत कशाला असंल गो? त्याची हाय तेवढीच ती माझी पण हाय. आमी तिघं, बोल."

माझी भाची कॉलेजात शिकते. तिनं एकदा बायला नवा शब्द सांगितला, थ्रपल. तिघांचं एकमेकांवर प्रेम असतं, तिघांच्या राजीखुशीनं, चोरून काही नाही, त्याला तसं म्हणतात. बायनं तो दोन-तीनदा तोंडात घोळवला. "नवऱ्याच्या कंपनीत असलं केमिकल बनतंय वाटतं," म्हणाली आणि दिवसभर आपल्याशीच हसत राहिली. संध्याकाळी डबा आवरताना मात्र हळूच म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखी अजून हायत गो कुठंतरी." मला त्या वेळी तिची फार माया आली.

आमच्याकडे गिऱ्हाईक आपापला पाट आणून देतं. मूर्ती त्याच पाटावर बसते आणि पाटाच्या कडेला घरच्या कर्त्याचं नाव घालतात. भावकीनं त्या तिघांना गणपतीसाठी घरी बोलावणं बंद केलं, त्या वर्षी बायनं स्वतःचा नवा पाट आणला.

"नाव एकाचंच घालतात," कारखान्याचे शेठ म्हणाले.

"एकाचं घर असंल तर घाला. आमचं तिघांचं हाय."

मी तिन्ही नावं घातली. बाय ती नावं कितीतरी वेळ बघत बसली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि बाय गेली. यंदा तिचा नवरा आणि ती मैत्रीण तोच पाट घेऊन आले. शेठ हळू आवाजात म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव पाटावर ठेवत नाहीत. खरवडू का?"

मैत्रिणीनं पाट छातीशी धरला.

"नको शेठ. दोघांचीच नावं राह्यली तर लोकं आमाला नवरा-बायको बोलतील. मग ती कधी नव्हतीच, असं होईल."

मी रंग कालवला आणि पुसट झालेलं बायचं नाव पुन्हा गिरवलं.